घरी केलेला आकाशकंदील दोन दिवसांत का वाकतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या वर्षी मुलांना घेऊन तुम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा आकाशकंदील केला. वसुबारसेला टांगला, धनत्रयोदशीला तो एका बाजूला कलला आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे बघता तर दोन ठिकाणी कागद फाटलेला. बाल्कनी सातव्या मजल्यावर, उघडी, वारा भरपूर. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. यंदा जाड कागद घ्यावा का, गोंद कोणता, की सरळ तयार किट आणावं, हे तुम्ही विचारलं आहे. तोरण आणि पणत्याही घरीच करायच्या आहेत.

मी पुण्यात गेली तीसेक वर्षं बांबूचे कंदील करतो. मुलांची सहामाही परीक्षा संपली की आठ-दहा दिवस आमच्या घरी आणि शेजारच्या शाळेच्या वर्गात त्यांना शिकवतो. तुमचा अनुभव मला दरवर्षी चार-पाच जणांकडून ऐकायला मिळतो आणि प्रत्येक जण शेवटी कागदाबद्दलच विचारतो. म्हणून आधी तेच सांगतो. तुमच्या कंदिलात कागदाचा दोष नाही. पतंगाचा विचार करा. तोच पातळ कागद, फक्त सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, म्हणजे चिरलेल्या बारीक पट्ट्यांचा. पतंग भर वाऱ्यात तासन् तास उडतो आणि त्याचा कागद वाऱ्याने सहसा फाटत नाही. कारण कामट्यांनी कागद सगळीकडून ताणून धरलेला असतो. जो कागद सैल असतो तो फडफडतो, आणि फडफडणारा कागद कडेला झिजत झिजत फाटतो. तुमचा सांगाडा आधी वाकला, त्याने कागद सैल पडला, मग वाऱ्याने त्याला फाडलं. पुठ्ठ्याला ऑक्टोबरची दमट हवा मानवत नाही. परतीच्या पावसाची एक सर आली की पुठ्ठा ओल धरतो आणि स्वतःच्याच वजनाने खाली बसतो. जाड कागद घेतला असता तर वजन वाढून तो आणखी लवकर बसला असता.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न सांगाड्याचा आहे, आणि त्याच्या मागोमाग वेळेचा. दोन दिवस आधी सुरू केलेला कंदील नीट होत नाही, कारण त्यातल्या तीन गोष्टी सुकाव्या लागतात आणि सुकण्याची घाई करता येत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. बांबू मिळतो का, हे पहिलं. पुण्यात बुरूड आळीत तयार कामट्या मिळतात, बहुतेक जुन्या गावांत बुरुडांची वस्ती असतेच. मिळाल्या नाहीत तर खराट्याच्या काड्या चालतात. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या झावळीचे हीर घरातच असतात. पण हिराचा कंदील लहान ठेवावा लागतो, बाजू चार-पाच इंचांच्या पुढे गेली की हीर लवतात. दुसरं, तुमच्याकडे दोन रविवार आहेत का? नसतील आणि एकच दुपार असेल तर किट आणा, त्यात कमीपणा काही नाही. लाकडी पट्ट्यांचं किट असेल तर सात वर्षांचं मूल ते आनंदाने जोडेल. फक्त त्यात सांगाड्याचं सगळं डोकं दुसऱ्या कुणीतरी आधीच चालवलेलं असतं, आणि माझ्या मते कंदिलातली खरी गंमत तिथेच असते. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या हातून ही गंमत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आकार कोणता घ्यावा? चांदणी दिसायला सोपी वाटते, पण तिची टोकं जुळवताना मोठ्या माणसांचाही धीर सुटतो. मी पहिल्या कंदिलासाठी सहा चौकोनांचा जुना, पारंपरिक आकारच सांगतो. यात सगळ्या काड्या एकाच मापाच्या असतात, एकूण चोवीस. त्यांचे सहा सारखे चौकोन बांधायचे. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करायचे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे, आणि त्यांची डावी-उजवी टोकं एकमेकांना बांधून गोल रिंगण करायचं. पाचवा चौकोन वर आडवा ठेवायचा. त्याचे चार कोपरे त्या चार शंकरपाळ्यांच्या वरच्या टोकांना बांधायचे. सहावा तसाच खाली. एवढं झालं की चौकोनांच्या मधल्या जागेत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, चार वर आणि चार खाली. मुलांना हे आधी सांगू नका. ‘त्रिकोण किती झाले, मोजा’ असं शेवटी विचारा. त्रिकोणाची एकही काडी आपण वेगळी लावलेली नाही, तरी आठ त्रिकोण आले कुठून, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मापाचं म्हणाल तर तुमच्या बाल्कनीला आठ इंची चौकोन पुरे. त्याने कंदील साधारण सव्वाअकरा इंच उंच होतो आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत सोळा इंच रुंद. ऐकायला लहान वाटतं, टांगल्यावर भरपूर मोठा दिसतो. काड्या नऊ इंचांच्या कापा आणि प्रत्येक टोकापासून अर्धा इंच सोडून बांधा, म्हणजे बांधणी ते बांधणी आठ इंच भरतं. कामटी एकूण अठरा फूट लागते. वीस फूट आणा, दोन-चार काड्या तुटतातच.

आता बांबूविषयी थोडं सविस्तर, कारण इथे केलेला आळस पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो. मी हे काम आमच्या मागच्या आळीतल्या एका बुरूड आजींकडून शिकलो. त्या जमिनीवर बसून बांबूचा तुकडा पायाच्या अंगठ्याशी धरत, कोयता टोकाला टेकवून एक हलका ठोका देत आणि मग कोयता जवळजवळ नुसता फिरवत फिरवत पुढे नेत. बांबू आपल्या रेषेने स्वतःच उकलत जाई. मध्येच चीर एका अंगाला सरकायला लागली की माझा हात घाबरून थांबे. आजी थांबत नसत. ज्या अंगाला बांबू जाड राहिला असेल तो भाग त्या जास्त वाकवत, आणि चीर निमूटपणे मधोमध परत येई. ‘जाड्याला दाब, बारक्याला सोड,’ एवढंच त्या म्हणत. तुम्हाला बांबू स्वतः चिरायचा नसेल तर तयार कामट्याच घ्या, पण घेताना प्रत्येक कामटी दोन टोकांना धरून हलकी वाकवून बघा. कमान सगळीकडे सारखी आली तर कामटी चांगली. एकाच जागी कोन पडत असेल तर तिथे ती पातळ आहे किंवा पेर आहे. ती बाजूला ठेवा. रुंदी चार-पाच मिलिमीटर आणि जाडी दोन-अडीच असेल तर आठ इंचांना ती पुरेशी ताठ असते.

ताज्या, हिरव्या कामट्यांचा लगेच कंदील करू नका. बांबू सुकताना आक्रसतो आणि आज घट्ट बसलेली गाठ चार दिवसांनी सैल होते. कापून झालेल्या काड्या दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल अशा जागी पसरून ठेवा. कडक उन्हात ठेवल्या तर पिळवटतात. सुकल्यावर प्रत्येक काडीवरून पॉलिश पेपर फिरवा. हे दोन कारणांसाठी. एक तर बांबूची कूस बोटात गेली की मूल त्या दिवसापुरतं काम सोडून देतं. दुसरं म्हणजे बांबूची बाहेरची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते आणि तिच्यावर खळ, म्हणजे मैद्याचा घरगुती गोंद, धरत नाही. ती चकाकी घासून काढली की कागद पक्का बसतो. सात वर्षांच्या मुलाला हे घासण्याचं काम द्या, मात्र त्याच्याआधी एकदा तुमचा हात प्रत्येक काडीवरून फिरू द्या.

बांधायला साधा जाड सुती दोरा. नायलॉनचा घेऊ नका, तो बांबूवर घसरतो. प्रत्येक कोपऱ्याला दोन वेढे एका दिशेने, दोन वेढे उलट दिशेने तिरके, मग गाठ, आणि गाठीवर फेव्हिकॉलचा एक थेंब. रात्रभर तसंच राहू द्या.

आता ती जागा येते जिथे बहुतेकांचा कंदील बिघडतो आणि त्यांना ते कळतही नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीने सहाही चौकोन इतके सुरेख बांधले होते की मी ते सगळ्यांना दाखवायला वर उचलले. उचलताक्षणी सांगाडा माझ्या हातात पिळत गेला आणि मिटत्या छत्रीसारखा आत दुमडला. एकही गाठ सुटलेली नव्हती. मुलगी रडवेली झाली. तिचं काही चुकलंच नव्हतं. चूक चौकोनाची होती. चार काड्यांचा चौकोन बांधून त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे दाबून बघा, तो मुकाट्याने तिरका होतो. तीन काड्यांच्या त्रिकोणाला कितीही दाबा, काडी मोडेल किंवा गाठ सुटेल, पण आकार बदलणार नाही. आपल्या कंदिलात सहा चौकोन आहेत आणि सहाही तिरके व्हायला टपलेले आहेत. ते एकमेकांना बांधलेले असल्यामुळे सगळे मिळून पिळतात. तुमचा गेल्या वर्षीचा कंदील नेमका कोणत्या आकाराचा होता ते तुम्ही लिहिलं नाही, पण तो ‘एका बाजूला कलला’ असं लिहिलं आहे. पुठ्ठा ओला झालाच असेल, त्याशिवाय त्यात चौकोनी बाजू असतील तर हेही झालेलं असणार.

उपाय सोपा आहे: प्रत्येक चौकोनाचे त्रिकोण करायचे. बाजूच्या चारही चौकोनांत कर्णावर दोरा बांधा, दोन्ही कर्णांवर, फुलीसारखा. एकच दोरा पुरत नाही, कारण दोरा फक्त ओढ धरतो, दाब धरत नाही. चौकोन एका बाजूला कलला की एक दोरा ताणतो, दुसऱ्या बाजूला कलला की दुसरा. वरच्या चौकोनात दोऱ्याऐवजी बारा इंचांची एक कामटीच कर्णावर बांधा, पुढे दिवा तिलाच लावायचा आहे. खालच्या चौकोनातून दिवा बदलायला हात जायला हवा, म्हणून तिथे फुली नको. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे दोन-दोन इंचांचे त्रिकोण चिकटवा. एवढं झाल्यावर सांगाडा दोन हातांत धरून हलकाच पिळून बघा. तो हलला नाही की तुमचं निम्म्याहून जास्त काम झालं. आतल्या दोऱ्यांची पुसट सावली रात्री कागदावर दिसते. मला ती आवडते.

दोरे ताणताना एक मात्र करा. सांगाडा फरशीवर खालच्या चौकोनावर उभा ठेवा आणि दोन पावलं मागे जाऊन बघा. वरचा चौकोन खालच्याच्या नेमका वर आहे ना? फिरलेला असेल तर हाताने सरळ करून मगच दोरा बांधा. जसा बांधाल तसाच तो पुढे राहणार आहे.

खळ घरीच करा. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा. वाटीभर पाणी उकळायला ठेवून त्यात तो ओतायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक दिसू लागली की उतरवायची. चिमूटभर तुरटी घातली तर तीन-चार दिवस आंबत नाही. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, मुलांचे हात त्यात असणार, तेव्हा तो घालू नका. फेव्हिकॉलने कागद चिकटतो, नाही असं नाही, पण तो पटकन धरतो आणि कागद वाकडा लागला तर सरकवता येत नाही. खळीवर मिनिटभर तरी कागद हलवता येतो. लहान मुलांच्या हातांना तो एक मिनिट फार मोलाचा असतो. शिवाय खळीचा कागद पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने निघतो, फेव्हिकॉलचा निघत नाही.

कागद पतंगीच घ्या. जिलेटिनचा कागद चमकतो म्हणून मुलांना आवडतो, पण खळ त्याला धरत नाही आणि त्याचा आवाज वाऱ्यात रात्रभर येतो. हातकागद फार देखणा दिसतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत, जी १९४० साली सुरू झाली, मी तासन् तास कागद बघत उभा राहिलेला आहे. मात्र उघड्या बाल्कनीसाठी तो जड पडतो, घरातल्या कंदिलाला छान. रंग निवडताना दुकानात कागद हातात धरून त्याच्या मागे मोबाइलचा दिवा लावा. दिवसा सुंदर दिसणारा गडद निळा आणि जांभळा कागद रात्री उजेड गिळून टाकतो. पिवळा, केशरी, पांढरा, पोपटी हे उजेड सोडतात. मी मोठे चौकोन पिवळे किंवा पांढरे ठेवतो आणि त्रिकोणांना लाल, राणी असे गडद रंग देतो. मग रात्री चौकोन उजळतात आणि त्रिकोण त्यांना महिरप करतात.

कागद कापताना सांगाड्याच्या मापापेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवा. खळ कागदाला लावू नका, काडीला लावा. कागद वर नुसता ठेवा, बोटाने कडा दाबा, कोपऱ्यांत कात्रीने एकेक चीर द्या आणि उरलेली कड काडीवरून आत दुमडा. आणि ओढू नका. सगळे हीच चूक करतात, मीही कित्येक वर्षं केली. ओला कागद सैल पडतो, सुरकुत्या दिसतात आणि हात आपोआप तो ताणायला जातो. ओला कागद ताणला की काडीपाशी फाटतो. तो तसाच सोडा. सुकताना कागद आवळतो आणि तासाभराने बोटाने टिचकी मारली तर डफासारखा बारीक आवाज येतो. त्या आवाजासाठी मुलं दर पाच मिनिटांनी कंदिलापाशी येतात.

कागद सुकताना आवळतो, म्हणजे तो सांगाड्यालाही ओढतो. म्हणून एका बाजूचे सगळे कागद एकदम लावू नका. एक चौकोन लावला की त्याच्या बरोबर समोरचा लावा. वरचा एक त्रिकोण लावला की समोरच्या अंगाचा खालचा लावा. ओढ दोन्हीकडून सारखी बसते. खालचा चौकोन उघडाच राहील. वरचाही शक्यतो उघडा ठेवा, म्हणजे आत शिरलेला वारा वरून निघून जातो. तुमच्या सातव्या मजल्यावर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

झिरमिळ्या हा लहान भावाचा प्रांत. कागदाची लांब पट्टी, एका कडेने दोन बोटं सोडून बारीक कातरायची, न कातरलेली बाजू गुंडाळून चिकटवायची. सात वर्षांच्या मुलाला बोथट टोकाची कात्री द्या आणि त्याच्या पट्ट्या कमी-जास्त झाल्या तर सरळ करायला जाऊ नका. वाऱ्यात हललेल्या झिरमिळ्यांचं माप कुणी घेत नाही. फक्त लांबी आवरा. बंद व्हरांड्यात दोन-अडीच फुटांच्या झिरमिळ्या सुरेख दिसतात, तुमच्याकडे त्या कठड्यात अडकतील आणि सगळ्या कंदिलाला खेचतील. फूटभर पुरे. चौकोनांच्या कडेने कातरलेल्या सोनेरी कागदाची झालर लावायची तर तीही दोन बोटांहून रुंद नको.

आता दिव्याबद्दल, इथे मी जरा कडक होतो. १९९० च्या सुमाराला आम्ही कंदिलात साठ वॉटचा बल्ब लावायचो. एका वर्षी चौथ्या दिवशी कंदील उतरवला तेव्हा वरच्या एका त्रिकोणाचा कागद तपकिरी झाला होता आणि बोट लावताच त्याचा चुरा झाला. बल्ब टांगताना एका अंगाला सरकला होता, एवढंच निमित्त. आग लागली नाही हे आमचं नशीब. आता पाच ते सात वॉटचा एलईडी दिवा मिळतो, तोच लावा, पिवळसर उजेडाचा. पणती किंवा मेणबत्ती कागदी कंदिलात कधीही ठेवू नका, फोटोपुरतीसुद्धा नाही. होल्डरची वायर वरच्या कर्णाच्या कामटीला बांधा आणि दिवा कंदिलाच्या बरोबर मध्यावर येईल एवढी वायर खाली सोडा. दिवा वर राहिला तर खालचे त्रिकोण अंधारे राहतात. वायरीला जोड असेल तर तो घरात असू द्या, बाल्कनीत नको, पावसाची सर तिरकी येते. आणि कंदिलाचं वजन वायरीवर टाकू नका. वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना सुतळी बांधून ती वर एकत्र आणा आणि कंदील त्या सुतळीवर टांगा. वायर शेजारून सैल सोडा. वाऱ्यात तो गरगर फिरत असेल तर सुतळी एका हुकाऐवजी हातभर अंतरावरच्या दोन हुकांना बांधा, फिरणं थांबतं.

दिवसांचं गणित असं बसवा. कोजागरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत पंधरा दिवस मिळतात. कोजागरीनंतरच्या पहिल्या रविवारी कामट्या आणून कापा आणि सावलीत टाका. आठवड्यात रोज संध्याकाळी मुलीने दोन चौकोन बांधायचे, तीन दिवसांत सहा होतात. शनिवारी सगळे जोडून दोऱ्यांच्या फुल्या. दुसऱ्या रविवारी कागद. झिरमिळ्या मधल्या कुठल्याही संध्याकाळी. कोयता आणि चाकू मात्र मोठ्यांच्याच हातात. वसुबारसेला टांगायचा असेल तर दुसरा रविवार तिच्याआधी येतो ना, हे कॅलेंडरात बघून घ्या, येत नसेल तर एक रविवार आधी सुरू करा.

राहिलं तोरण आणि पणत्या. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून मग पूर्ण वाळवा. कोरडी माती तेल पिते आणि पणती बाहेरून तेलकट होते, भिजवून घेतली की ते खूपच कमी होतं. रंग फक्त बाहेरून द्या. आतली बाजू आणि वात टेकते ती चोच कोरी ठेवा, तिथला रंग जळतो आणि वास येतो. तोरण मी कागदाचं सांगणार नाही. झेंडू आणि आंब्याची पानं मिळत असताना दाराला तेच हवं. आदल्या संध्याकाळी ओवा, सुई देठाकडून घाला, फुलं गच्च दाबू नका, नाहीतर मधली काळी पडतात. सोसायटीच्या अंगणात कोपरा मिळाला तर मुलांना किल्ला करू द्या आणि त्यावर अळीव पेरा, चार-पाच दिवसांत हिरवं होतं. पण हे सगळं एकाच वर्षी करायला घेऊ नका. यंदा कंदील आणि पणत्या, एवढंच धरा.

कंदील किती दिवस ठेवायचा, हेही तुम्ही ओघात विचारलं होतं. कार्तिकात उंच बांबूवर आकाशदीप लावायची जुनी रीत आहे, त्यामुळे पुष्कळ घरांत तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. माझ्या घरी तसाच राहतो. नंतर उतरवल्यावर तो तसाच पिशवीत कोंबू नका. ओलं फडकं काड्यांवरून फिरवा, दहा मिनिटं थांबा, कागद सोलून निघतो. खळीचा अंश राहिला तर झुरळं लागतात, म्हणून काड्या पुन्हा एकदा पुसा आणि सांगाडा दोन दिवस वाळू द्या. सैल झालेले दोरे त्याच वेळी बदला. मग माळ्यावर खिळ्याला टांगून ठेवा, त्याच्यावर काही रचू नका. माझ्याकडे एक सांगाडा अकरा वर्षांचा आहे. त्याच्या दोन काड्या बदलल्या आहेत, बाकी बावीस पहिल्याच. पुढच्या कोजागरीनंतर तुम्हाला फक्त नवे कागद आणि एक वाटी खळ लागेल.